सरळ आहे, असं मी म्हणालो

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, कंपनीतल्या मित्रांना नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. समोर बसला असतात तर इथवरसुद्धा आलो नसतो.

ऐकून कदाचित तुम्हाला हसू येईल. एक लाकडी जहाज, दोन हातांच्या ओंजळीत मावेल त्याहून थोडंसं मोठं. ते वाकडं झालं. बस, एवढंच. कुणी मेलं नाही, कुणाचं घर बुडालं नाही. मग मला स्वतःची किळस का येते? आरशासमोर दाढी करताना मधेच ब्लेड खाली का ठेवावंसं वाटतं? — सांगतो. पण सरळ सांगता येईल की नाही, माहीत नाही. मी या गोष्टीभोवती इतकी वर्षं घिरट्या घालतोय की तीच सवय झाली आहे.

आधी माझ्याबद्दल. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. गाड्यांचे सुटे भाग होतात आमच्याकडे. माझ्या सहीशिवाय माल ट्रकमध्ये चढत नाही. केसाएवढा फरक असला तरी मला दिसतो — मोजायच्या आधी दिसतो. हाताखालची पोरं म्हणतात, जोगळेकर सरांच्या डोळ्यात मशीन आहे. पंचेचाळिशी उलटली तरी मला चष्मा नव्हता, आणि याचा मला गर्व होता. हे लक्षात ठेवा. माझी नोकरीच मुळी चूक बघण्याची आणि ती बोलून दाखवण्याची आहे.

आणि रविवारी मी जहाजं बनवतो. निगडीला पाटणकर मॅडमच्या हॉलमध्ये आम्ही काहीजण जमतो. मॅडम शाळेतून निवृत्त झालेल्या. शिडं त्या शिवतात, चहाच्या पाण्यात बुडवून जुनाट रंगाची करतात. जाफर भोसरीत फर्निचरच्या दुकानात कामाला आहे; उरलेल्या सागवानाच्या तो अशा पातळ पट्ट्या कापून आणतो की वाऱ्याने उडतील. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरायची, चहा, खारी, आणि दुपारपर्यंत माना खाली. कुणी कुणापासून काही लपवायचं नाही. दोऱ्याला मेण कसं लावायचं, भांडी घासायची तारेची घासणी व्हिनेगरमध्ये भिजवून त्या पाण्याने लाकूड काळं कसं करायचं — ज्याला जे जमलं ते त्याने सगळ्यांना शिकवायचं.

एक नियमही होता. आधी चांगलं काय झालंय ते सांगायचं, मग काय चुकलंय ते सांगायचं, आणि ते कसं सुधारायचं हे दाखवल्याशिवाय उठायचं नाही. हा नियम कुणी केला होता? मी.

ओव्हाळ काका आमच्यात आले तेव्हा नुकतेच देहूरोडच्या फॅक्टरीतून निवृत्त झाले होते. त्यांचे वडीलही तिथेच होते. उंच, किंचित वाकलेला माणूस, खिशात कायम घडी घातलेला रुमाल. त्यांची मुलगी रोहिणी मालवाहू जहाजावर अधिकारी आहे. महिनोन्‌महिने समुद्रावर. काकांनी समुद्र आयुष्यात एकदाच पाहिलेला, तोही किनाऱ्यावर उभं राहून. पहिल्या दिवशी ते मॅडमना म्हणाले, "पोरगी काय बोलती ते मला अर्धं कळत न्हाई. म्हटलं, एक जहाज हातानं करून बघावं. ती सुट्टीवर आली की तिला द्यायचं." शिडाचंच जहाज करायचं त्यांनी ठरवलं होतं. तिच्या जहाजाला शिडं नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. पण शिडाशिवाय जहाज म्हणजे त्यांना नुसता लोखंडी डबा वाटायचा.

मी त्यांना शिकवायला घेतलं. मनापासून घेतलं, हे मला म्हणू द्या — नाही, नकोच. ते खरं असलं तरी आता त्याचा काय उपयोग?

जहाजाच्या अंगावरच्या पट्ट्या वाकवाव्या लागतात. मी सगळ्यांना माझी पद्धत शिकवली होती — पट्टी भिजवायची आणि तारा जोडायच्या गरम सोल्डरिंग आयर्नवरून हळूहळू ओढायची. एका रविवारी ओव्हाळ काकांनी पिशवीतून निरनिराळ्या आकाराचे स्टीलचे डबे काढले. पट्ट्या ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांनी मॅडमच्या इडलीपात्रात वाफेवर धरल्या, मग डब्याभोवती लपेटून वर रबर लावलं. थंड झाल्यावर रबर काढलं. पट्टीने डब्याचा आकार धरला होता. ना डाग, ना चीर.

मॅडमनी टाळ्या वाजवल्या. आणि जाफर म्हणाला, "सर, हे भारी आहे राव! तुमच्या पद्धतीनं माझ्या किती पट्ट्या जळाल्या, बोललो नव्हतो तुम्हाला."

बोललो नव्हतो. म्हणजे इतके दिवस तो घरी जाऊन जळक्या पट्ट्या फेकत होता आणि माझ्यासमोर मान डोलवत होता. सगळे हसले. मीही हसलो. "वा काका," म्हणालो. त्या दिवसानंतर माझं सोल्डरिंग आयर्न कुणी मागितलं नाही.

एवढंच. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही. मला शोधायचं असतं तर मी शोधलं असतं — लहानपण, वडील, बढती न मिळणं, काहीही. पण एका इडलीपात्रामुळे माझ्या आत काहीतरी आंबलं, हेच खरं आहे. आणखी एक प्रश्न मी स्वतःला विचारलेला आहे. ते डबे पाटणकर मॅडमनी काढले असते, तर मला इतकं लागलं असतं का? ओव्हाळ हे आडनाव नसतं, दुसरं कुठलं असतं, तर? मी तसा नाही, असं मी कॉलेजपासून मोठ्याने सांगत आलोय. या प्रश्नाला मी अजून मोठ्याने उत्तर दिलेलं नाही.

पुढच्या रविवारी काका जहाजाचा सांगाडा घेऊन आले. मधला लांब कणा, त्यावर आडव्या फासळ्या. अजून पट्ट्या चढायच्या होत्या. त्यांनी तो माझ्या हातात दिला, दोन्ही हातांनी, तान्हं मूल द्यावं तसा. मी तो डोळ्यासमोर आडवा धरला.

कणा पिळलेला होता. पुढच्या टोकाकडे, उजवीकडे. फार नाही — पण होता. मला पाहताक्षणी दिसला.

यावर उपाय काय असतो, माहीत आहे? काही नाही. कणा ओला करायचा, दोन सपाट फळ्यांमध्ये घालून क्लॅम्प आवळायचे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत विसरून जायचं. सरळ होतो. जाफरच्या पहिल्या जहाजाला मीच हे करून दिलं होतं. पण हे पट्ट्या चढायच्या आधी करावं लागतं. एकदा पट्ट्या चिकटल्या की पीळ आत कायमचा बंद होतो आणि जहाज जसजसं पूर्ण होतं तसतसा तो बाहेर दिसायला लागतो. डोलकाठ्या चढल्या की मग तो कुणालाही दिसतो.

हे सगळं मला त्या क्षणी माहीत होतं. काका माझ्या तोंडाकडे बघत होते. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "सरळ आहे. अगदी सरळ. आता थांबू नका, पट्ट्या चढवा."

मी नुसता गप्प बसलो असतो तर? गप्प बसणं भ्याडपणा म्हणून खपलं असतं. पण मी खांद्यावर हात ठेवला. माझा हात. त्यांना तो उबदार वाटला असणार.

आणि ते तिथेच थांबलं असंही नाही. अर्ध्या पट्ट्या चढल्यावर काका एकदा म्हणाले, "सर, नाकाकडं जरा वळल्यासारखं वाटतंय का हो?" मी जहाज हातात घेतलं, फिरवलं, वेळ घेतला — नाटकात वेळ घेतात तसा — आणि म्हणालो, "नजरेचा भास आहे. उजेड एका बाजूने येतोय ना." मॅडमनी विचारलं, खरंच? मी म्हणालो, मी बघितलंय. यावर कोण बोलणार? डोळ्यात मशीन असलेला माणूस मी.

काही आठवड्यांनी ते म्हणाले, डोळे तपासून आलो. डॉक्टर म्हणाले, डोळे चांगले आहेत. "मग मला वाकडं का दिसतं?"

मी म्हणालो, "वय, काका."

हे दोन शब्द मी हसत म्हणालो. प्रेमाने म्हणतात तसे. त्यानंतर ते स्कूटर सोडून देहूरोडहून बसने यायला लागले. एकदा मॅडमनी विचारलं तेव्हा म्हणाले, नजरेचा भरवसा राहिला नाही, उगाच कुणाच्या अंगावर घालायची. मी खाली मान घालून दोऱ्याला मेण लावत होतो. मेण लावतच राहिलो. त्या दिवशी तरी बोलायचं होतं, नाही? तेव्हा तर गोष्ट जहाजाची राहिलीच नव्हती. एक धडधाकट डोळ्यांचा माणूस मी आंधळा करत होतो, आणि वर त्याला बसस्टॉपपर्यंत सोडायला जात होतो. "जपून जा काका." असं म्हणायचो मी.

तुम्हाला वाटेल, मला मजा येत होती. मजा नाही. पण काहीतरी होतं, जिभेखाली गोळी धरून ठेवावी तसं. दर रविवारी ते जहाज आणायचे, दर रविवारी मी कौतुक करायचो आणि दर रविवारी ते आणखी वाकडं झालेलं असायचं. बाकीचं काम तर अप्रतिम होतं, हेही सांगायला हवं. चिमुकल्या कप्प्या, त्यांतून ओवलेले दोर, नखाएवढ्या होड्या, सगळं त्यांनी हाताने कोरलेलं. मी त्या कामाकडे बघायचो, आणि मग कण्याकडे बघायचो, आणि मला बरं वाटायचं.

रोहिणी सुट्टीवर आली तेव्हा आम्ही मॅडमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये छोटंसं प्रदर्शन लावलं होतं. सोसायटीतली माणसं, मुलं, आमचे नातेवाईक. काकांनी जहाज टेबलाच्या कडेशी ठेवलं होतं, भिंतीला समांतर. तसं ठेवा, बाजूनेच सुंदर दिसतं, हेही मीच सुचवलेलं.

ती आली. वडिलांना मिठी मारली, जहाज बघून तोंडावर हात ठेवला. कप्प्यांपाशी वाकली, दोर मोजल्यासारखे बघत गेली, आणि मग सहज — तिचं कामच ते — मागच्या बाजूला जाऊन सरळ रेषेत उभी राहिली. एक क्षण. मग हसून म्हणाली, "पप्पा, कणा वळलाय ना हो तुमचा?"

तिच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं. लेक बापाला जसं म्हणेल तसं ती म्हणाली. पण जाफर मागे जाऊन उभा राहिला, मग मॅडम. काका शेवटी गेले. बघत राहिले. मला वाटलं, आता ते माझ्याकडे वळतील. वळलेच. पण चेहऱ्यावर राग नव्हता — आनंद होता! "म्हणजे माझे डोळे ठीक आहेत!" म्हणाले. "बघा सर, मला दिसत होतं ते खरंच होतं की."

आणि पुढच्याच श्वासात त्यांचा चेहरा उतरला. "मग सर — तुमचे?"

काय बोलायचं होतं मी? एक वाक्य पुरलं असतं. काका, मला पहिल्या दिवशी दिसलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि त्या नजरांत संशय नव्हता, काळजी होती. मी डोळे चोळले. खरोखर चोळले! म्हणालो, "हल्ली जरा धूसर दिसतं. कुणाला बोललो नाही."

मॅडम म्हणाल्या, अरे देवा. जाफरने मला खुर्ची दिली.

रोहिणी मात्र बघत होती. नंतर मी एकटा हात धुवायला बाहेर गेलो तेव्हा ती दाराशी आली. "सर, तुम्ही कंपनीत क्वालिटीला आहात ना?" मी म्हणालो, हो. तिने मान हलवली आणि आत गेली. तिने वडिलांना सांगितलं नाही, हे मला काकांच्या पुढच्या वागण्यावरून कळलं. का सांगितलं नाही? त्यांच्याकडून मीही हिरावला जाऊ नये म्हणून असेल. मला तिचे उपकार नको होते. पण मी ते घेतले.

पुढचं सांगताना मला आणखी घाण वाटते.

त्याच आठवड्यात काका स्कूटरवरून माझ्या घरी आले आणि मला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. मी नको म्हणत होतो. बायको म्हणाली, अहो, ते इतके आलेत. आत मशीनमध्ये डोळे बघून तिथली मुलगी म्हणाली, फारसं काही दिसत नाही, अक्षरं वाचा. मला शेवटची ओळ लख्ख दिसत होती. मी मधल्या ओळीवर अडखळलो. ती काचा बदलत राहिली, मी "आता जरा बरं" म्हणत राहिलो. बाहेर बाकावर काका बसले होते, मांडीवर माझी पिशवी घेऊन. मला नंबर निघाला — माझ्या खोटेपणाचा नंबर. चष्म्याची फ्रेमही त्यांनीच निवडली. "हलकी घ्या सर, दिवसभर नाकावर ऱ्हाती."

तो चष्मा लावला की मला जमीन वर आल्यासारखी वाटते आणि डोकं दुखतं. कंपनीच्या बसमध्ये चढलो की काढतो. रविवारी मॅडमच्या जिन्यात लावतो. बायकोला वाटतं मी विसरभोळा आहे.

आणि जहाज? काकांनी ते रोहिणीला दिलं नाही. ती मागत होती, वाकडं तर वाकडं. पण ते म्हणाले, तू समुद्रावर राहतेस, तुला मी वाकडं जहाज कसं देऊ? ती परत गेल्यावर त्यांनी ते सोडवलं. शांतपणे, एकेक भाग. "वाया कशाला घालवायचं," म्हणत सगळ्यांना वाटलं. शिडं मॅडमना, डोलकाठ्या जाफरला. कप्प्या आणि होड्या मला. मी घेतल्या. त्या माझ्या जहाजावर आहेत. लोक माझं जहाज बघायला येतात आणि सगळ्यात आधी त्या कप्प्यांकडे बोट दाखवतात. आणि मी म्हणतो, "ओव्हाळ काकांच्या आहेत." मग लोक म्हणतात, किती मोठं मन तुमचं, श्रेय देता.

नवीन जहाज त्यांनी सुरू केलं नाही. मॅडमनी खूप आग्रह केला. ते म्हणाले, सरांना आता नजरेची मदत लागणार, मी त्यांच्याजवळ बसतो. आणि ते बसतात. माझ्या डाव्या हाताला, पाटावर. मी पट्टी धरतो, ते एक डोळा मिटून रेषा बघतात. कुणी नवीन मुलगा-मुलगी गटात आलं की त्यांना सांगतात, "सरांनी मला धीर दिला म्हणून माझं जहाज पुरं झालं. न्हाईतर मी मधेच सोडलं असतं." खरं आहे ते. मी धीर दिला म्हणूनच ते पुरं झालं.

रोहिणी सुट्टीवर असली की त्यांना न्यायला येते. वर येत नाही, खाली गाडीत थांबते. मॅडमना वाटतं मुलगी जरा शिष्ट आहे. जाफरलाही वाटतं. मी त्यांना तसं वाटू देतो.

मी हे थांबवू शकतो का? आत्ता, या क्षणी, फोन हाताशी आहे. थांबवू शकतो. तेव्हाही शकत होतो. प्रत्येक वेळी शकत होतो. मला कुणी अडवलेलं नव्हतं, आजही नाही.

या रविवारी मी नव्या जहाजाच्या कण्यावर पहिली फासळी बसवणार आहे. काका शेजारी येऊन बसतील, मान तिरकी करतील आणि म्हणतील, "सर, डावीकडं एक केस." मला ते त्यांच्या आधी दिसलेलं असेल. मी फासळी हलवीन, आणि म्हणेन, "बरं झालं काका, तुम्ही आहात."